गणिती मरियमबाई मिर्झाखानी

गणित हा मुलींचा विषय नव्हे, असें आपल्या घरांतून अजूनहि सहज बोललें जातें. असें बोलणारांनीं मरियमबाई मिर्झाखानी यांचें चरित्र अवश्य पाहावें.

१९७७ सालीं तेहरान येथें जन्मलेल्या या बाई शाळेंत एक वर्ष गणितांत मागें पडल्या; बुद्धि बेताची, असें शिक्षकांचें मत झालें. पुढच्या वर्षीं उत्तेजन देणारे शिक्षक लाभले. १९९५ च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत त्यांनीं ४२ पैकीं ४२ गुण मिळविले; २००४ सालीं हार्वर्डची डॉक्टरेट संपादिली. पुढें प्रिन्स्टन व स्टॅनफर्ड येथें त्या अध्यापक होत्या.

खोगिरासारख्या वळणाचे पृष्ठभाग हा त्यांचा विषय. अशा पृष्ठभागावर ताणलेला दोरा स्वतःस न छेदतां आरंभीच्या बिंदूस येऊन मिळेल, असे मार्ग किती? दोन भोकांच्या पृष्ठभागावर, मार्ग पुष्कळ लांब असतां, लांबीची मर्यादा दुप्पट केल्यास त्यांची संख्या सुमारें ६४ पट होते, असें त्यांच्या सिद्धान्तावरून निघतें.

जमिनीवर मोठे कागद पसरून त्या आकृत्या काढीत. आई चित्रें काढते, असें लहानग्या कन्येस वाटे. २०१४ सालीं फील्ड्स पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. २०१७ सालीं कर्करोगानें, अवघ्या चाळीस वर्षांच्या वयांत, त्या निवर्तल्या.

पाटीवर रेघोट्या ओढीत बसलेल्या मुलीस कामाला उठविण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, इतकेंच आमचें सांगणें.