लिंक्डइनवर आधी ओळख, मग रेटकार्ड
व्हिडिओतला मुद्दा जरा नीट लिहितो. समजा, खामगावात तुमचं चांदीच्या वस्तूंचं काम आहे. पुण्याच्या एका गिफ्टवाल्याने लिंक्डइनवर लिहिलं, "चांदी काळी पडते, गिऱ्हाईक भांडतं." तिथे 'नाइस पोस्ट' टाकून काय होणार? लगेच इनबॉक्समध्ये रेटकार्ड पाठवलं तर तो उघडणारही नाही. (मीही उघडत नाही!) त्यापेक्षा कामाचं लिहा: हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे चांदीवर काळा थर चढतो, रबराजवळ ठेवली तर आणखी लवकर. म्हणून रबरबँड नको, हवाबंद पिशवी वापरा. ९२.५ टक्केवाल्या चांदीत बाकी बहुतेक तांबं असतं, तीही काळवंडते. हे विकतानाच सांगा. आठवड्याने विचारा, "फरक पडला का?" भाव तो विचारेल तेव्हा सांगू.