देहाचे घड्याळ आणि कर्करोग

मानवी देहात काळाचे भान राखणारी एक यंत्रणा अहोरात्र कार्यरत असते. मेंदूच्या तळभागात सुमारे २०,००० पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. डोळ्यांवाटे येणाऱ्या प्रकाशावरून तो दिवस आणि रात्र ओळखतो व यकृत, आतडी, त्वचा अशा सर्व अवयवांतील पेशींची घड्याळे एका लयीत ठेवतो. फळमाशीवरील संशोधनातून या घड्याळाची जनुकीय रचना उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघा अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पेशीने केव्हा विभागावे आणि जनुकद्रव्याला झालेली इजा केव्हा दुरुस्त करावी, यांवरही या घड्याळाचा अंमल चालतो. कर्करोग म्हणजे मुळात विभाजनावरील ताबा सुटणे. त्यामुळे लय वारंवार मोडली तर हा ताबा सैल पडत असावा, असा तर्क संशोधकांनी मांडला. रात्री अंधारात स्रवणारे मेलाटोनिन हे संप्रेरक प्रखर उजेडात दबले जाते, हेही त्यांनी लक्षात घेतले.

फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये जैविक लय बिघडविणाऱ्या पाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरविले आणि २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाबाबत हाच निर्णय कायम ठेवला. ‘बहुधा’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील परिचारिकांच्या २००१ मधील अभ्यासात, ३० वा अधिक वर्षे फिरत्या रात्रपाळ्या केलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा धोका ३६ टक्क्यांनी अधिक आढळला. परंतु २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या पाहणीत अशी वाढ दिसली नाही. म्हणून रुग्णाच्या जागरणांना बोल लावणे शास्त्राला धरून नाही.

उपचाराच्या बाबतीत या विषयाला वेगळेच वळण मिळाले. औषध तेच आणि मात्राही तीच, पण वेळ बदलली तर काय घडेल, हा प्रश्न पॅरिसजवळच्या रुग्णालयात फ्रान्सिस लेव्ही यांनी हाती घेतला. मोठ्या आतड्याचा कर्करोग शरीरात पसरलेल्या १८६ रुग्णांवरील त्यांच्या चाचणीचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला औषध एकसारख्या वेगाने दिले गेले. दुसऱ्या गटात एका औषधाचा जोर पहाटे चारच्या सुमारास, तर दुसऱ्याचा दुपारी चारच्या सुमारास राहील अशी योजना होती. वेळ साधलेल्या गटात ५१ टक्के रुग्णांच्या गाठी आकसल्या. दुसऱ्या गटात २९ टक्के. तोंड व आतड्याच्या अस्तराला होणारी तीव्र इजा ७६ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आली.

मात्र २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५६४ रुग्णांच्या युरोपीय चाचणीने उत्साहाला लगाम घातला. एकूण आयुर्मानात फरक पडला नाही; पुरुषांना लाभ झाला, तर स्त्रियांना त्याच वेळापत्रकाने अपाय झाला. सर्वांना एकच वेळ लागू पडत नाही, हा त्यातील धडा होय. व्यक्तीचे अंतर्गत घड्याळ मोजून उपचाराची वेळ ठरविणे हे आजच्या संशोधनापुढील काम आहे.

आहाराच्या वेळेविषयीही अभ्यास होत आहेत. स्पेनमधील २०१८ च्या एका अभ्यासात, रात्रीच्या जेवणानंतर दोन वा अधिक तासांनी झोपणाऱ्यांमध्ये, जेवताच झोपणाऱ्यांच्या तुलनेत, स्तन व प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले. हा केवळ संबंध आहे, कार्यकारणभावाचा पुरावा नव्हे. रात्रिभोजनत्यागाचे अधिष्ठान अहिंसा आणि संयम हे आहे. त्याला वैद्यकाच्या दाखल्याची गरज नाही आणि तो कर्करोगावरचा उपायही नाही.

दुकान उशिरा वाढवून मध्यरात्रीपर्यंत हिशेब पाहणाऱ्या कुटुंबांनी यातून इतके घ्यावे: जेवणाची आणि निजण्याची वेळ शक्यतो ठरलेली असावी, शयनगृहात अंधार असावा, सकाळचा सूर्यप्रकाश अंगावर यावा. पेढीवर वा गोदामात रात्रपाळी करणाऱ्या माणसांच्या विश्रांतीचाही विचार व्हावा. घरात कोणावर केमोथेरपी चालू असेल, तर झोपेच्या तक्रारी डॉक्टरांना अवश्य सांगाव्यात. मात्र औषधाची वेळ स्वतःहून बदलू नये आणि ‘योग्य वेळे’च्या शोधात उपचार एक दिवसही लांबवू नये.