जुन्या स्पोर्ट्स कारचे पुढील सस्पेन्शन : सुधारणा कोठून सुरू करावी?

शाळेच्या स्मरणिकेत मोटारगाडीच्या पुढील चाकांविषयीचा लेख, आणि तोही इतिहासाच्या शिक्षकाने लिहिलेला, हे पाहून काही वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु या लेखाचे निमित्त आपल्याच वसतिगृहात वाढलेला एक माजी विद्यार्थी आहे. यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन तो आज इंग्लंडमध्ये नोकरी करतो. गेल्या वर्षी त्याने १९६८ सालची ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनांची, उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली. फोनवर त्याने आपला बेत मोठ्या उत्साहाने सांगितला. आखूड आणि कडक स्प्रिंग, कमी-जास्त करता येणारे शॉकअॅब्सॉर्बर, जाड अँटी-रोल बार, पॉलियुरेथेनचे बुश अशी त्याची यादी तयार होती. आम्ही त्याला एकच प्रश्न विचारला, "तिच्या ट्रनियनला शेवटचे तेल केव्हा घातले होते?" त्याला उत्तर देता आले नाही. "सर, तुम्हाला ट्रनियन कसा ठाऊक?" असा उलट प्रश्न मात्र त्याने केला.

त्याचे उत्तर आमच्या बालपणात आहे. आमच्या गावी एका डॉक्टरांकडे स्टँडर्ड हेरल्ड गाडी होती आणि आमच्या वस्तीतील एक मिस्त्री तिची देखभाल करीत. शाळा सुटल्यावर आम्ही त्यांना पाने उचलून देण्याचे काम आवडीने करीत असू. पुढील चाकाच्या खालच्या सांध्यापाशी आले की ते नेहमी बजावीत, "इथं ग्रीस नाही भरायचं रे, गिअरचं तेल भरायचं." ते असे का म्हणत, हे आम्हाला फार पुढे उमगले.

त्या हेरल्डचा आणि इंग्लंडमधील स्पिटफायरचा संबंध रक्ताच्या नात्याइतका जवळचा आहे. कॉव्हेंट्री शहरातील स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीने १९५९ साली ट्रायम्फ हेरल्ड ही कौटुंबिक वापराची छोटी गाडी बाजारात आणली. तिची बाह्यरेखा इटलीचे जिओव्हानी मिकेलॉटी यांची होती. याच गाडीची भारतीय आवृत्ती १९६१ पासून मद्रासमध्ये स्टँडर्ड हेरल्ड या नावाने तयार होऊ लागली. पुढे १९६२ मध्ये कंपनीने हेरल्डचेच भाग वापरून स्पिटफायर सिद्ध केली. १९८० पर्यंत निरनिराळ्या पाच आवृत्त्यांत तिच्या तीन लाखांहून अधिक गाड्या बनल्या. म्हणजे या स्पोर्ट्स कारचे पुढील सस्पेन्शन मुळात वेगासाठी जन्मलेले नव्हते. ते एका साध्या घरगुती गाडीचे होते. तरीही ते इतके हलके आणि सुबक होते की लोटस कंपनीने आपल्या एलान या नामांकित स्पोर्ट्स कारसाठी ट्रायम्फचाच उभा दुवा घेतला.

आता रचना पाहू. चाक चेसिसशी एकावर एक असलेल्या दोन आडव्या बाहूंनी जोडलेले असते. त्यांना विशबोन म्हणतात. वरचा बाहू आखूड आणि खालचा लांब असतो. त्यामुळे वळणावर गाडी कलली, तरी बाहेरील चाक रस्त्यावर बरेचसे उभे राहते. दोन्ही बाहूंना बाहेरच्या टोकाशी जोडणारा पोलादी उभा दुवा असतो आणि चाकाचा आस त्यावरच बसतो. वर बॉल जॉइंट असतो. खाली मात्र उभ्या दुव्याचे आटे पाडलेले टोक एका पितळी रंगाच्या कांस्य ठोकळ्यात फिरते. हाच ट्रनियन. चालक स्टिअरिंग वळवतो, तेव्हा पोलादी आटे कांस्याच्या आट्यांत स्क्रूप्रमाणे फिरतात. या मांडणीमुळे पुढील चाके विलक्षण वळतात आणि सुमारे २५ फूट व्यासाच्या वर्तुळात गाडी पूर्ण फिरते.

परंतु या सांध्याला सतत वंगण हवे. दाट ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत नीट पोहोचत नाही, शिवाय कालांतराने घट्ट होऊन वाट अडवते. आत शिरलेले पाणी मग तेथेच राहते, पोलाद गंजते आणि गंजलेल्या खाचेतून बारीक तडा सुरू होतो. एके दिवशी उभ्या दुव्याचे खालचे टोक मोडते आणि चाक आडवे कोसळते. चाके पूर्ण वळवताना या सांध्यावर मोठा ताण येतो, म्हणून असे मोडणे पुष्कळदा गाडी सावकाश लावताना घडते. परंतु ते भर रस्त्यात घडणार नाही, याची हमी कोणी द्यावी? यासाठीच ग्रीसगनमध्ये गिअरचे दाट तेल भरून, ते वरच्या सीलमधून पाझरेपर्यंत सोडायचे असते. आमच्या मिस्त्रींचे म्हणणे कंपनीच्या पुस्तिकेशी तंतोतंत जुळणारे होते. ती पुस्तिका त्यांनी कधी वाचली असण्याचा संभव नव्हता.

म्हणून सुधारणेची पहिली पायरी म्हणजे तपासणी. पुढील भाग जॅकने उचलून भक्कम स्टँडवर ठेवावा. चाक वर आणि खाली धरून हलवावे. ढिलेपणा जाणवल्यास तो बेअरिंगमध्ये आहे, बॉल जॉइंटमध्ये आहे की ट्रनियनमध्ये, हे दुसऱ्या माणसाला पाहायला सांगावे. ट्रनियन सोडवून उभ्या दुव्याचे आटे स्वच्छ करून न्याहाळावेत. खोल गंज किंवा तडा दिसल्यास तो दुवा पुन्हा बसवू नये. डाव्या आणि उजव्या बाजूच्या आट्यांची दिशा एकमेकांविरुद्ध असते, त्यामुळे भागांची अदलाबदल करता येत नाही. ट्रनियन शेवटपर्यंत आवळूनही ठेवायचा नसतो. तो किंचित मागे फिरवावा लागतो, अन्यथा चाक पूर्ण वळताना आटे अडतात.

दुसरी पायरी बुशांची. बाहूंच्या सांध्यांतील रबर जुने झाले की चाक आपली जागा सोडू लागते आणि स्टिअरिंग सैल वाटते. नवे रबरी बुश बसवताना एक चूक सर्रास होते. चाके लोंबकळत असतानाच बोल्ट पक्के आवळले जातात. हे रबर पिळून काम करते. म्हणून गाडी स्वतःच्या वजनाने चाकांवर उभी असतानाच बोल्ट अखेरचे आवळावेत, नाहीतर रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. पॉलियुरेथेनचे बुश अधिक ताठ आणि टिकाऊ असतात, परंतु रस्त्याचा खडखडाट ते अधिक प्रमाणात आत पोहोचवतात आणि योग्य वंगणाशिवाय करकरतात. रोजच्या प्रवासासाठी चांगले रबर कमी प्रतीचे मानण्याचे कारण नाही.

तिसरी पायरी स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर यांची. त्यांचा विचार नेहमी जोडीने करावा. स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठवते, शॉकअॅब्सॉर्बर ती उष्णतेत रूपांतरित करून संपवतो. स्प्रिंग ४४ टक्के अधिक कडक केली, तर गाडीच्या वर-खाली होण्याची वारंवारता २० टक्के वाढते, कारण ती स्प्रिंगच्या ताठरपणाच्या वर्गमूळावर अवलंबून असते. ही वाढ जुना, थकलेला शॉकअॅब्सॉर्बर आवरू शकत नाही आणि चाक रस्त्यावर टिकण्याऐवजी उसळू लागते. गाडी एक इंच खाली आणली, तर चाकाला वर जाण्यासाठी असलेली जागाही एका इंचाने कमी होते. १९६६ मध्ये आलेल्या जीटी६ या भावंडाच्या स्प्रिंग अनेकांना खुणावतात, परंतु त्या जड सहा-सिलिंडर इंजिनासाठी आहेत. स्पिटफायरच्या हलक्या इंजिनाखाली त्या बसवल्यास गाडीचे नाक वर राहते. येथे एक इशारा आवश्यक आहे. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये मोठी शक्ती असते. योग्य कॉम्प्रेसरशिवाय ती सोडवू नये.

चौथी पायरी अँटी-रोल बारची. हा आडवा दांडा वळणावरील कल कमी करतो, परंतु त्याचा परिणाम पुढच्या चाकांपुरता राहत नाही. कोणत्या टोकाची पकड आधी सुटणार, हे पुढील आणि मागील भागांच्या समतोलावर ठरते. जुन्या स्पिटफायरच्या मागील आसाची रचना अशी होती की वळणात अचानक अॅक्सिलरेटर सोडल्यास मागील चाक आत दुमडल्यासारखे होई. १९७० च्या चौथ्या आवृत्तीत कंपनीने मागील स्प्रिंगची बांधणी बदलली आणि त्याच वेळी पुढील बार जाड केला. दोन्ही बदल एकत्र केले, ही गोष्ट लक्षात घ्यावी. बाजारातून केवळ जाड बार आणून बसवणारा त्या निर्णयाची अर्धीच बाजू उचलतो.

शेवटी अलाइनमेंट. वरील कामांपैकी काहीही केले, तरी चाकांचे कोन बदलतात. ते मोजून घेतल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये. टायरचे वयही पाहावे. कडक झालेल्या जुन्या टायरवर उत्तम सस्पेन्शनही व्यर्थ ठरते.

आमच्या विद्यार्थ्याने यादी बाजूला ठेवून दोन्ही ट्रनियन उघडले. उजव्या बाजूला वाळलेले ग्रीस, त्याखाली गंज आणि आट्यांच्या मुळाशी केसासारखा तडा होता. त्याच आठवड्यात तो आपल्या लहान मुलीला शेजारी बसवून समुद्रकिनाऱ्यावर जाणार होता. त्याने तो दौरा पुढे ढकलला. नवे उभे दुवे, नवे ट्रनियन, रबरी बुश आणि कारखान्याच्या मूळ मापाच्या स्प्रिंग बसवल्या. महागडे शॉकअॅब्सॉर्बर अजून घेतलेले नाहीत. "सर, गाडी आता जशी चालते, तशी चालू शकते हेच मला ठाऊक नव्हते," असे तो म्हणाला.

जुनी वस्तू सुधारू पाहणाऱ्याने ती कोणासाठी, कोणत्या गरजेतून घडली आणि तिचा भार प्रत्यक्षात कोण वाहतो, हे आधी शोधावे. स्पिटफायरचा भार मुठीएवढा एक कांस्य ठोकळा वाहतो. तो चाकाआड झाकलेला असतो, कोणाच्या नजरेत भरत नाही आणि थोड्या तेलापलीकडे काही मागत नाही. ते मिस्त्री आज हयात नाहीत. इंग्लंडमधील एका बाप-लेकीचा प्रवास त्यांच्या एका वाक्याने सुरक्षित झाला, हे त्यांना सांगता आले असते तर आम्हाला फार बरे वाटले असते.