बेटावरील भरतीचें गणित



अंदमान म्हटलें कीं मराठी माणसाच्या मनांत प्रथम सेल्युलर जेलच्या भिंती उभ्या राहतात. परंतु हल्लीं या बेटांकडे जाणारी बहुतेक मंडळी मुलाबाळांना घेऊन, चार दिवस समुद्रांत डुंबण्यासाठीं जाते. गेल्या मार्गशीर्षांत आम्हीहि तसेच गेलों : मी, पत्नी, बारा व आठ वर्षांचीं दोन मुलें, आणि पंचाहत्तरीच्या घरांतली आई. तुरुंग पाहून झाला. त्याविषयीं आज बोलावयाचें नाहीं. बोलावयाचें आहे तें तेथील पाण्याविषयीं, आणि विशेषतः त्या पाण्याच्या येण्याजाण्याच्या वेळेविषयीं. त्या वेळेच्या बाबतींत मीं एक चूक केली, आणि ती मला भरतीविषयीं थोडेंसें ठाऊक असल्यामुळेंच घडली. ज्याला कांहींच ठाऊक नसतें तो निदान विचारतो तरी.

पोर्ट ब्लेअरला २०२४ पासून श्रीविजयपुरम् म्हणतात. तेथून ईशान्येस सुमारें छत्तीस किलोमीटरांवर नील नांवाचें बेट आहे. २०१८ सालच्या डिसेंबरांत त्याचें नांव शहीद द्वीप असें झालें. बेट लहान, वस्ती सुमारें तीन हजारांची आणि बहुतेक बंगाली. पूर्व पाकिस्तानांतून आलेल्या निर्वासित कुटुंबांना १९६० नंतरच्या दशकांत येथें जमिनी मिळाल्या, आणि त्यांनीं जंगल साफ करून भात व भाजीपाला पिकविला. किनाऱ्यांचीं नांवें भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर अशीं आहेत. तीं ऐकून आईला बेट एकदम घरचें वाटूं लागलें.

पहिल्याच दिवशीं पांचाच्या सुमारास सूर्य बुडाला, तेव्हां मुलांना घड्याळ बिघडलें असें वाटलें. घड्याळ ठीक होतें. साऱ्या भारताची प्रमाणवेळ साडेब्यायशीं अंश पूर्व रेखांशावरून धरलेली आहे. मुंबई त्र्याहत्तराव्या अंशाजवळ, तर नील त्र्याण्णवाव्या अंशाजवळ. एका अंशास चार मिनिटें, म्हणजे वीस अंशांस ऐंशी मिनिटें झालीं. मुंबईच्या आधीं तितकी मिनिटें सूर्य तेथें डोक्यावर येतो, आणि अर्थात् चंद्रहि येतो. मुलांना हें मीं मोठ्या ऐटींत समजावून सांगितलें. त्यांतील चंद्राचा भाग मात्र दुसऱ्या दिवशीं मीच विसरलों.

आमचे आजोबा हर्णै बंदराजवळचे. भरतीची वेळ काढण्याची रीत त्यांनीं मला लहानपणीं शिकविली होती. कोंकणांतील पुष्कळ श्रोत्यांना ती ठाऊक असेल : तिथीला तिनांनीं गुणावें, चारांनीं भागावें, येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरतीपासून सवासहा तास पुढें किंवा मागें गेलें कीं ओहोटी. रीत मोठी सोयीची आहे, आणि तिच्या मुळाशीं शास्त्रहि आहे. चंद्र दररोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां माथ्यावर येतो, म्हणून भरतीहि दररोज तितकीच मागें पडते. पन्नास मिनिटांनीं तोंडी गुणाकार करण्यापेक्षां पाऊण तासानें करणें सोपें, म्हणून तिथीची पाऊणपट घ्यावयाची. पंधरा दिवसांत पडणारा थोडासा फरक कोळी डोळ्यांनीं भरून काढतो.

नील बेटाच्या पश्चिमेस, लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, लाटांनीं कोरलेली खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. बंगाली रहिवासी तिला कौतुकानें हावडा ब्रिज म्हणतात. ओहोटीच्या वेळींच तेथें पायीं जातां येतें. आईच्या पिशवींत पंचांग होतें. तिथि निघाली चतुर्थी. तीन वाजतां भरती, म्हणजे पावणेनवाच्या सुमारास पुरती ओहोटी, असा मीं हिशेब केला. आठाला जावें, दहापर्यंत खुशाल हिंडावें. रिक्षावाल्यानें मोडक्या हिंदींत बजावलें कीं साडेआठाच्या आंत परत फिरा. मीं हंसून त्याला भरती तीन वाजतां असल्याचें सांगितलें. त्यानें मान हालविली. ती होकाराची नव्हती, हें मला मागाहून कळलें.

आम्ही पोंचलों तेव्हां खडक उघडे होते. तेथला किनारा आपल्या कोंकणच्या पुळणीसारखा नाहीं. वाळूची अरुंद पट्टी संपली कीं मेलेल्या पोंवळ्यांचा ओबडधोबड सपाट खडक लागतो आणि तो दूरवर आंत जातो. त्यांतील डबक्याडबक्यांतून एक एक जग भरलेलें असतें. निळ्याजांभळ्या ओठांचा शिंपला खडकांत रुतून बसलेला दिसला. सांवली पडतांच त्यानें ओठ मिटले. काळ्या काकडीसारखा एक प्राणी वाळू गिळत निमूट पडला होता. आणि जिवंत पोंवळीं होतीं, तपकिरी, हिरवीं, फिकट जांभळीं. एका टोंचणीच्या डोक्याएवढ्या जीवांची ही वसाहत. प्रत्येक जीव आपल्याभोंवतीं चुन्याची वाटी बांधतो, आणि त्याच्या शरीरांत राहणारी सूक्ष्म वनस्पति सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याला पोसते. रंग असतो तो मुख्यतः या वनस्पतीचा. पाणी नेहमींपेक्षां एखाददुसरा अंश अधिक तापून कांहीं आठवडे तसेंच राहिलें कीं ही भागीदारी मोडते आणि पोंवळें पांढरें पडतें. २०१० सालीं अंदमानांत असें फार मोठ्या प्रमाणावर झालें, २०१६ सालीं पुन्हां झालें. गोल दगडासारखीं वाढणारीं पोंवळीं वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. म्हणजे हातभर पोंवळ्याला चाळीसपन्नास वर्षें लागतात. मुलीनें एक पांढरा तुकडा खिशांत घातला होता; तो तिच्याकडून परत ठेवविला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत २००१ पासून पोंवळ्यांचाहि समावेश आहे, आणि वाळूंत सांपडलेला मेलेला तुकडाहि घरीं नेतां येत नाहीं.

हें सारें दाखविण्यांत तास केव्हां गेला तें कळलें नाहीं. सव्वानवाला पत्नीनें मागें वळून पाहिलें आणि विचारलें, "आपण आलों तेव्हां ही खाडी होती का?"

ती खाडी नव्हती. तो खडक आणि पुळण यांच्यामधला सखल भाग होता, आणि येतांना तो आम्हीं कोरड्या पायांनीं ओलांडला होता. अशा किनाऱ्यावर भरती नेहमीं समोरून येते असें नाहीं. खडकाचा बाहेरचा भाग पुष्कळदां उंच असतो, आणि पाणी बाजूच्या फटींतून शिरून पाठीमागचा सखल भाग आधीं भरतें. समोर पाहावें तों समुद्र अजून लांबच असतो, आणि परतीची वाट मात्र बुडालेली असते. वाळूच्या किनाऱ्यावर असली चूक खपून जाते. गिरगांव चौपाटीवर भरतीच्या वेळेंत दोन तासांची गफलत झाली तर माणूस चार पावलें मागें सरतो एवढेंच. येथें मागें सरण्याला जागा नव्हती.

पाणी अजून गुडघ्याखालीं होतें, परंतु तें ओढ घेत होतें आणि तळ दिसेनासा झाला होता. खडक धारेचे व शेवाळलेले. मुलाला मीं खांद्यावर घेतलें, मुलीनें आईचा हात धरला. परंतु आईच्या एका पायांतली चप्पल निघून गेली आणि ती जागच्या जागीं उभी राहिली. "अरे, मला खालचें दिसत नाहीं," इतकेंच ती म्हणाली. तिच्या आवाजांत भीति नव्हती, आणि त्यामुळेंच माझ्या पोटांत अधिक गोळा उठला. इतक्यांत प्रवाशांना कमान दाखविणारा एक तरुण पुळणीवरून धांवत आला. त्यानें आईला "मासी" म्हणून हांक मारली, स्वतःच्या चपला तिच्या पायांत घातल्या, आणि आम्ही जात होतों त्याच्या अगदीं उलट बाजूनें, दूरच्या वळणानें, आम्हांला बाहेर काढलें. त्या वळणावर पाणी घोट्याइतकेंच होतें. किनाऱ्यावर आल्यावर मीं घड्याळ पाहिलें : नऊ वाजून पस्तीस मिनिटें. माझ्या गणिताप्रमाणें ओहोटी नुकतीच संपली होती.

गणित चुकलें कोठें? आजोबांच्या रीतींत एक गोष्ट न बोलतां गृहीत धरलेली आहे. अमावास्येला व पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास येते, हें तें गृहीत होय. मुंबईस आणि कोंकणांत तें खरें आहे. सर्व जगांत खरें नाहीं. नील बेटाच्या आसपास त्या दिवशीं भरती दहाच्या सुमारास येते. यांतील बराचसा फरक त्या ऐंशी मिनिटांचा, म्हणजे घड्याळाचा आहे. उरलेला समुद्राच्या आकाराचा. भरती ही चंद्राच्या मागून दोरी बांधल्यासारखी चालत नाहीं; ती एक अतिशय लांब लाट आहे आणि समुद्राची खोली, किनाऱ्याची ठेवण, आखातांचीं तोंडें यांप्रमाणें ती कोठें लवकर, कोठें उशिरां पोंचते. भावनगरला ती मुंबईच्या मागाहून कित्येक तासांनीं येते, आणि तेथील चढउतार दहा मीटरांवर जातो. मुंबईस उधाणाच्या दिवशीं तो चार मीटरांवर असतो. अंदमानांत दोनाच्या आसपास. हा लहान आंकडा पाहूनच पुष्कळ लोक निर्धास्त राहतात.

तेव्हां त्या चतुर्थीस खरी ओहोटी सातच्या आधींच होऊन गेली होती, आणि आम्ही आठ वाजतां चढत्या पाण्यांत उतरलों होतों. मग सुरवातीस तें जाणवलें कां नाहीं? याचेंहि उत्तर आहे. पाणी एकसारख्या वेगानें चढत नाहीं. खलाशी लोक चढाचे बारा हिस्से करतात : पहिल्या तासांत एक, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत तीन, चौथ्यांत तीन, मग पुन्हां दोन आणि एक. त्या दिवशींचा चढ दीड मीटर धरला तर एकट्या तिसऱ्या तासांत पाणी सव्वा फुटानें वाढतें. आम्ही डबकीं पाहत होतों तो नेमका हाच तास.

येथें एक गोष्ट ओघानें सांगतों. ज्या खडकावर आपण उभे राहतों त्याची उंचीहि कायमची नसते. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपांत उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा मीटरभर वर उचलला गेला, आणि तेथील पोंवळीं पाण्याबाहेर पडून मेलीं; उलट पोर्ट ब्लेअरच्या बाजूची जमीन मीटरभर खचली. जुन्या माणसाची आठवणहि अशा ठिकाणीं तपासून घ्यावी लागते.

मग विश्वास कशावर ठेवावा? भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षीं भरतीओहोटीचीं कोष्टकें छापतो आणि त्यांत पोर्ट ब्लेअरचें कोष्टक असतें. हें काम जुनें आहे. हिंदुस्थानच्या बंदरांसाठीं भरतीचें भाकित करणारें एक चाकांकप्प्यांचें यंत्र १८७९ सालीं लंडनमध्यें तयार झालें होतें. आतां तीं कोष्टकें दूरध्वनीच्या पडद्यावरहि पाहतां येतात. पाहतांना बंदराचें नांव मात्र आधीं वाचावें.

डिसेंबरांत मुलाबाळांसह जाणाऱ्यांस आणखी एक सांगावेंसें वाटतें. अमावास्या-पौर्णिमेस तेथें दुपारची ओहोटी चारच्या सुमारास असते. पाणी सर्वांत खालीं जातें खरें, परंतु पांचाला सूर्य बुडतो, आणि चढतें पाणी व अंधार एकदमच येतात. त्यापेक्षां तृतीयेपासून षष्ठीपर्यंतचे दिवस बरे. तेव्हां ओहोटी सकाळीं सहा ते साडेआठाच्या दरम्यान असते आणि उजाडलेलें तर पावणेसहालाच असतें. अष्टमीच्या जवळ भांग लागतो, म्हणजे पाणी पुरतें उतरत नाहीं, व कमानीपर्यंत कोरड्या पायांनीं जाण्याची खात्री राहत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पंचमी होती. आम्ही पावणेसातालाच किनाऱ्यावर होतों. आईनें येण्याचें नाकारलें नाहीं, याचें मला नवल वाटलें. तिनें मात्र त्या तरुणाला बरोबर घेण्याची अट घातली, आणि त्याच्या चपला धुवून कागदांत गुंडाळून आणल्या होत्या. पाणी अजून उतरत होतें. कमानीखालीं उभें राहून मुलानें वर पाहिलें आणि हाक मारून प्रतिध्वनि येतो का तें पाहिलें. तो आला नाहीं. आठ वाजले तसे आम्ही परत फिरलों.

त्या दिवशीं दुपारीं आईनें पंचांग उघडून चतुर्थीच्या रकान्याशेजारीं पेन्सिलीनें बारीक अक्षरांत लिहिलें : "येथें दोन तास आधीं."