टर्मिनल काढून डायनामो तपासणाऱ्यांसाठी

जुनी मारुती 800 सकाळी सेल्फ घेत नाही. शेजारीपाजारी धक्का मारतात, ती सुरू होते आणि थेट गॅरेजात जाते. मेकॅनिक बॉनेट उघडतो, मालकाला ‘रेस द्या’ म्हणतो आणि इंजिन घुमत असतानाच दहाच्या पान्याने बॅटरीचं टर्मिनल सैल करून उपसतो. इंजिन चालूच राहिलं तर निकाल ठरलेला: डायनामो चांगला, बॅटरी बदला. बंद पडलं तर बॅटरी चांगली, डायनामो रिपेअरला टाका. अर्ध्या मिनिटात निदान, तेही फुकट. बघणाऱ्यांना ते पटतंही, कारण युक्तिवाद सरळ वाटतो: बॅटरीशिवाय गाडी चालली म्हणजे वीज डायनामोच देतोय.

वीज देतोय, एवढंच त्यातून कळतं. पुरेशी देतोय का, हे कळत नाही. आणि ते विचारण्याची ही रीत गाडीला महागात पडते.

एके काळी ती निभावून जायची. फियाट 1100, सुरुवातीच्या ॲम्बॅसेडर आणि विलिसच्या जीपमध्ये खराखुरा डायनामो असे, म्हणजे कार्बन ब्रशांमधून थेट डीसी करंट काढणारं यंत्र. त्याच्या जोडीला कटआउटची डबी, आत लोखंडी पत्त्या आणि स्प्रिंगा. संपूर्ण गाडीत एकही डायोड नाही, ट्रान्झिस्टर नाही. टर्मिनल उपसलं तर फार तर एखादा दिवा उडायचा. पुढे अल्टरनेटर आला. अमेरिकेत क्रायस्लरने 1960 च्या व्हॅलियंटमध्ये तो बसवला. आपल्याकडे डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती 800 मध्येही तोच होता. यंत्र बदललं, चाचणी मात्र उस्तादाकडून शागिर्दाकडे जशीच्या तशी गेली.

अल्टरनेटरच्या रोटरमधून थोडा करंट सोडून चुंबकत्व तयार केलं जातं, बाहेरच्या गुंडाळ्यांत एसी निर्माण होतो आणि डायोड त्याचं डीसी करतात. व्होल्टेज चौदाच्या आसपास राखणं हे रेग्युलेटरचं काम. बॅटरी चार्ज होत असताना तिचं टर्मिनल अचानक सुटलं, की एवढा प्रवाह घेणारं गिऱ्हाईकच नाहीसं होतं. रेग्युलेटर रोटरचा करंट तोडतो, पण चुंबकत्व त्या क्षणी मरत नाही, आणि तेवढ्या वेळात व्होल्टेज उसळतं. या उसळीला ‘लोड डंप’ म्हणतात. ती किती मोठी, याबद्दल शंका असेल त्याने आयएसओ 16750-2 हे आंतरराष्ट्रीय मानक पाहावं. 12 व्होल्टच्या गाडीतली उपकरणं तपासताना, उसळी दाबण्याची सोय नसेल तर, त्यात 79 ते 101 व्होल्टचा आणि 40 ते 400 मिलिसेकंदांचा झटका धरलेला आहे. नव्या अल्टरनेटरांत ही उसळी दाबणारे डायोड असतात. जुन्यांत ते असतीलच असं नाही.

चीड येते ती पुढच्या गोष्टीची. उसळी सर्वांत मोठी कधी येते? बॅटरी उतरलेली असताना, कारण अल्टरनेटर तेव्हाच जास्तीत जास्त करंट ओतत असतो. म्हणजे ज्या सकाळी ही चाचणी करावीशी वाटते, नेमक्या त्याच सकाळी ती सर्वांत घातक असते. रेग्युलेटर, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मॉड्युल, टेप, एमपीएफआय गाडी असेल तर ईसीएम, यांपैकी काहीही जाऊ शकतं. ते त्याच मिनिटाला जाईल असंही नाही. आठवड्याने गेलं की दोष ‘कंपनीच्या मालाला’ दिला जातो. शिवाय चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि टर्मिनल उपसताना ठिणगी पडते. बाकी समजावून सांगायची गरज नसावी.

बरं, एवढी जोखीम घेऊन उत्तर तरी खरं मिळतं का? साध्या कॉइल इग्निशनला तीन-चार अँपिअर पुरतात. सहा डायोडांपैकी एक गेलेला अल्टरनेटरही तेवढे देतो आणि इंजिन आरामात चालतं. तोच डायोड शॉर्ट झालेला असेल, तर रात्रभरात बॅटरी उतरवू शकतो. मालक नवी बॅटरी घेतो, महिन्याभरात तीही उतरते. मेकॅनिकल पंपाच्या डिझेल जीपवर ही चाचणी करणाऱ्यांना तर हात जोडावेत. त्या इंजिनाला चालत राहण्यासाठी वीज जवळपास लागतच नाही. अल्टरनेटर काढून घरी ठेवला तरी ते धडधडत राहील.

खरी चाचणी याहून सोपी आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच नव्हे, आता कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात काहीशे रुपयांत डिजिटल मल्टिमीटर मिळतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर 12.6 व्होल्ट असतील तर ती भरलेली आहे, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. 12 च्या खाली म्हणजे चार्जरला लावा. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली घसरता कामा नये. इंजिन सुरू करून थोडी रेस दिली की 13.8 ते 14.5 दिसायला हवेत, आणि हेडलाइट लावल्यावरही 13 च्या वरच राहायला हवेत. पंधराच्या वर गेले तर रेग्युलेटर गेला आहे. ‘बॅटरीचं पाणी सारखं आटतं’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या गाडीत आधी हेच पाहावं. खऱ्या डायनामोच्या गाडीला मात्र एक सूट: स्लो रेसवर तो चार्ज करतच नाही, लाल दिवा लुकलुकतो, आणि तो बिघाड नव्हे.

आकडे सगळे बरोबर, तरी सेल्फ जेमतेम फिरतो? मग बॅटरीला सोडा आणि अर्थिंगकडे वळा. तीस वर्षं जुन्या गाडीत बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला जाणारी पट्टी गंज आणि ऑइल खाऊन बसलेली असते. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंट्यावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारायला सांगावं. 0.2-0.3 व्होल्टपर्यंत ठीक; अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर पट्टी सोडून, घासून, घट्ट आवळावी. काही गाड्यांत सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची किंवा चोकची केबल गरम होते. परतीचा करंट पट्टी सोडून त्या बिचाऱ्या केबलमधून वाट काढत असतो. अशा गाडीत नवी बॅटरी टाकून काय होणार?

पेट्रोलच्या बाजूलाही एक हट्टी समजूत आहे: घाटात गरम होऊन बंद पडली म्हणजे पेट्रोल पंपच. कसाऱ्याला किंवा खंबाटकीत पद्मिनीच्या पंपावर ओला फडका टाकणारी पिढी अगदीच चुकत नव्हती. इंजिनला चिकटलेल्या मेकॅनिकल पंपात पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. पण तापलेली इग्निशन कॉइल किंवा कंडेन्सर हुबेहूब असंच करतात: गाडी बंद, अर्धा तास सावली, गाडी चालू. फडक्याने बरी झाली की अर्ध्या तासाच्या थंडाव्याने, हे कोण सांगणार? फरक कळतो तो गाडी बंद पडल्या पडल्या. त्याच क्षणी, आसपास पेट्रोल सांडलेलं नाही ना हे पाहून, प्लग काढून वायरीला लावावा, बॉडीला टेकवावा आणि सेल्फ मारून ठिणगी पाहावी. निळी, कडक ठिणगी असेल तर पेट्रोल शोधा. पिवळट किंवा गायब असेल तर कॉइल. गाडी थंड झाल्यावर तपासून काही हाती लागत नाही, आणि बहुतेक गॅरेजांत गाडी पोचते ती थंड होऊनच.

ई-20 बद्दल दोन टोकं ऐकू येतात: ‘मायलेज निम्मं झालं’ आणि ‘काहीच फरक पडत नाही’. नीती आयोगाच्या जून 2021 च्या इथेनॉल आराखड्यातच नोंदलेलं आहे, की शुद्ध पेट्रोलसाठी बांधलेल्या आणि ई-10 साठी जुळवलेल्या चारचाकीचं मायलेज 6-7 टक्के घटेल, दुचाकीचं 3-4 टक्के. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे हिशेबही जुळतो. निम्मं मायलेज देणाऱ्या गाडीत दुसरं काहीतरी बिघडलं आहे. पण पंपाचा रबरी पडदा, जुने पाइप आणि टाकीतला सुटलेला गंज यांची काळजी काल्पनिक नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपवून ठेवावं.

बाकीचे किरकोळ. बॅटरी फरशीवर ठेवल्याने उतरत नाही. आजच्या प्लॅस्टिकच्या डब्यातून करंट जमिनीत झिरपत नाही. बॅटरीत ॲसिड ओतू नये, उडतं ते पाणी. भरायचं तेही डिस्टिल्ड. रॉकेलने इंजिन साफ होत नाही, ठोकायला लागतं. दिवे मंद असतील तर 100 वॉटचे बल्ब लावण्याआधी बल्बच्या पिनांवर व्होल्टेज मोजावं: दहा टक्के व्होल्टेज वाटेत हरवलं तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो.

आणि फ्यूज. सारखा उडतो म्हणून त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे अजून आहेत. फ्यूज वायरिंगला वाचवायला असतो. 10 च्या जागी 30 अँपिअरचा बसवला की वितळते ती वायर. फ्यूज उडण्याचं कारण बहुधा कुठेतरी घासून उघडी पडलेली वायर असते. फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब जोडावा, त्या लाइनवरचे दिवे आणि उपकरणं बंद करावीत आणि वायरिंग थोडं थोडं हलवत जावं. ज्या जागी हात लागताच पेटलेला बल्ब विझतो, तिथली टेप सोडून पाहावी.