चीनमधील ख्रिस्ती मंडळ्या आणि सरकारी अंमल

आमच्या या करवीर नगरीचा आणि चीन देशाचा संबंध तो काय, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो बराच जवळचा आहे. सन १८५२ मध्यें रेव्ह. रॉयल वाइल्डर हे कोल्हापुरास आले व त्यांनीं येथें मिशनचें काम आरंभिलें. त्यांचे चिरंजीव रॉबर्ट यांचा जन्म १८६३ सालीं याच गांवीं झाला. पुढें अमेरिकेंत कॉलेजचें शिक्षण पुरें होतांच, १८८६ च्या उन्हाळ्यांत माउंट हर्मन येथें भरलेल्या विद्यार्थ्यांच्या परिषदेंत, त्यांच्या खटपटीनें शंभर तरुणांनीं परदेशीं सुवार्ताकार्यास जाण्याची तयारी दर्शविली. या चळवळींतून हजारों स्त्रीपुरुष देशोदेशीं गेले, आणि त्यांतील सर्वांत मोठा वांटा चीनच्या पदरीं पडला. तेव्हां तेथील मंडळ्यांचें पुढें काय झालें, हें कोल्हापूरकरांस ठाऊक असावें.

मिशनच्या जगांत एक जुनी त्रिसूत्री आहे. मंडळीनें आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण सोसावा, व सुवार्ताप्रसारहि आपणच करावा. अमेरिकन बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन व इंग्लंडांतील हेन्री व्हेन यांनीं ती मांडिली. अँडरसनसाहेब १८५४-५५ मध्यें आपल्या मराठी मुलुखांतहि येऊन गेले. (शाळांच्या प्रश्नावर त्यांचें व वाइल्डरसाहेबांचें जमलें नाहीं; आम्ही कोणाची बाजू घेऊं, हें शाळेच्या मासिकांत सांगावयास नको!) रेव्ह. नारायण वामन टिळक यांनीं १९१७ सालीं मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' स्थापिला, त्यांतहि याच स्वावलंबनाची तळमळ होती. मात्र येथें ती ख्रिस्ती जनांच्या अंतःकरणांतून उगवली.

चीनमध्यें हेच शब्द सरकारच्या कामीं आले. १ ऑक्टोबर १९४९ रोजीं कम्युनिस्ट राज्य स्थापन झालें. पुढच्याच वर्षीं, पंतप्रधान चौ एन लाय यांच्या भेटीगांठी झाल्यावर, वाय. एम. सी. ए. चे पुढारी वू याओत्सुंग यांनीं एक जाहीरनामा काढिला. मंडळ्यांनीं साम्राज्यशाहीशीं संबंध तोडून नव्या राज्यास पाठिंबा द्यावा, असा त्याचा आशय होता. त्यावर लाखों सह्या झाल्या. परकीयांविषयींचा हा राग सर्वस्वीं निराधार होता असें नाहीं. तोफांच्या बळावर लादलेल्या तहांच्या आडोशानें मिशनें त्या देशांत पसरलीं होतीं. परंतु १९५१ मध्यें ज्या आरोपसभा भरूं लागल्या, त्यांत आपल्या गुरुजनांवर व सोबतच्या पाळकांवर भर सभेंत दोषारोप करणें लोकांस भाग पडे. १९५४ सालीं 'त्रि-स्व देशभक्त चळवळ' रीतसर उभी राहिली. तोंपर्यंत परकी मिशनरी बहुतेक सर्व गेले होते.

हा अंमल चालतो नोंदणीच्या द्वारें. नोंदणी नसेल तर उपासना बेकायदेशीर; नोंदणी केली तर पाळक कोण, त्याचें शिक्षण कोठें, सभा कोणत्या जागीं, हें सारें सरकारच्या नजरेखालीं. १९५८ मध्यें मंडळ्यांचें एकत्रीकरण झालें, तेव्हां बीजिंगमधील साठांहून अधिक मंदिरांपैकीं चारच उघडीं राहिलीं. १९६६ नंतर तींहि बंद पडलीं, व १९७९ पासून पुनः उघडूं लागलीं. नानकिंग येथें बायबलच्या कोट्यवधि प्रती छापल्या जातात, तरी सामान्य दुकानांत ती विकत मिळत नाहीं. २०१८ पासून धर्मखातें थेट पक्षाच्या विभागाखालीं गेलें असून, हेनानसारख्या प्रांतांत अठरा वर्षांखालील मुलांस उपासनेस येण्याची मनाई झाली. आमच्या विद्यार्थिवर्गानें आपला रविवार डोळ्यांपुढें आणावा.

पालकांपैकीं कोणी म्हणतील, आपल्याकडेहि मंडळ्यांची नोंदणी चॅरिटी कमिशनरच्या कचेरींत होतेच कीं! होते खरी, १९५० च्या सार्वजनिक न्यासांच्या कायद्यानें ती सर्व धर्मांच्या संस्थांस लागू आहे. परंतु ही कचेरी हिशेब तपासते, जमीनजुमला पाहते. पाळकानें व्यासपीठावरून काय बोलावें हें ती सांगत नाहीं. फरक आहे तो येथेंच.

सरकारी संस्थेंत राहिलेले सारे भित्रे होते, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं; मंदिराचें दार उघडें राहावें म्हणून पुष्कळांनीं मान लवविली. ज्यांनीं ती लवविली नाहीं, त्यांत बीजिंगचे वांग मिंगदाव हे मुख्य. त्यांच्या मंडळीनें परदेशी पैसा घेतला नव्हता, व १९३७ मध्यें पुरें झालेलें त्यांचें मंदिर सभासदांच्या वर्गणींतून उभें होतें. स्वशासन, स्वावलंबन व स्वप्रसार हीं तिन्ही त्यांच्याकडे अगोदरच होतीं. आणि नेमके तेच चळवळींत येईनात! १९५५ च्या ऑगस्टमध्यें त्यांस अटक झाली. तुरुंगांत मन खचून त्यांनीं कबुलीजबाब लिहून दिला व ते सुटले. पण तो जबाब त्यांच्या जिवास डांचूं लागला. १९५८ मध्यें ते पुनः पकडले गेले, ते १९८० सालीं सुटले. दृष्टि अधू झाली होती, कानहि गेले होते. १९९१ मध्यें देवाज्ञा होईपर्यंत ते शांघायमधील आपल्या लहानशा घरांत येणाऱ्यांस वचन सांगत असत. त्या घराची नोंदणी झालेली नव्हती.