दिवसाचे पाणी

"लाईट कधी आहे?" शिरूर आणि दौंड तालुक्यांत हा प्रश्न रोज कानी पडतो. चावडीवर, डेअरीवर, बाजारात, जिथे दोन शेतकरी भेटतात तिथे हीच विचारपूस. कारण विहिरीवरची मोटार विजेवर चालते, आणि शेतीची वीज पाळीपाळीने येते. एक आठवडा ती दिवसा असते. दुसऱ्या आठवड्यात रात्री.

रात्रीची पाळी आली की काय होते, ते आपण सारे जाणतो. घरातले म्हातारे माणूस उठते. डोक्याला मफलर गुंडाळते, हातात बॅटरी आणि खांद्यावर फावडे घेते.

"आबा, रातच्याला एकट्यानं जाऊ नका," सून म्हणते.

"जाऊ नको तर काय करू? ऊस वाळतोय," आबा म्हणतात, आणि अंधारात निघून जातात.

मागे घरातल्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. त्याला कारण आहे. उसात साप असतो, विंचू असतो. ओल्या हाताने खटका दाबताना विजेचा धक्का बसण्याचे भय असते. आणि आता बिबट्या आहे.

पूर्वी बिबट्या डोंगरात, जंगलात राही. आता तो उसात राहतो. उंच, दाट ऊस त्याला जंगलासारखाच वाटतो. आत थंडावा असतो, जवळ पाणी असते, वस्तीवर कुत्री-शेळ्या मिळतात. मादी उसातच पिल्ले घालते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड आणि जांबूत या गावांच्या शिवारात बिबट्याने तीन जीव घेतले. त्यांत दोन लहान लेकरे होती. त्यानंतर लोक रस्त्यावर आले. शेतीला दिवसा वीज द्या, ही मागणी तर गावोगाव जुनीच आहे.

ही मागणी पुरी कशी होईल? त्याचे एक उत्तर आपल्या डोक्यावरच आहे. ते म्हणजे ऊन. आज आम्ही त्याविषयी सांगणार आहोत.

उन्हाची वीज कशी होते?

भर दुपारी एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशा जागेवर सुमारे १,००० वॉट शक्तीचे ऊन पडते. शेतात निळ्या-काळ्या काचेच्या पाट्या उभ्या केलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. लोक त्यांना सोलरच्या प्लेटा म्हणतात. काचेखाली सिलिकॉन नावाच्या पदार्थाच्या पातळ चकत्या असतात. सिलिकॉन वाळूपासून काढतात. या चकतीवर उजेड पडला की तिच्यातून वीज वाहू लागते. उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा विजेत बदलतो, बाकीचा उष्णता होऊन जातो. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत अशी सिलिकॉनची चकती प्रथम तयार झाली. तेव्हा ती उन्हाचा फक्त सहा टक्के भाग विजेत बदलत असे. आज तेच काम तिप्पट चांगले होते, आणि प्लेटाही पुष्कळ स्वस्त झाल्या आहेत.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्लेटांना ऊन लागते म्हणजे उजेड लागतो, ताप नव्हे. फार तापल्या तर त्या उलट थोडी कमी वीज देतात. ढग आले की वीज कमी होते. रात्री ती मुळीच होत नाही. म्हणजे हा पंप दिवसाच चालतो. आपल्याला तरी दुसरे काय हवे आहे?

आपले तालुके विषुववृत्ताच्या उत्तरेला, साधारण साडेअठरा अंशांवर आहेत. वर्षातले बरेच महिने सूर्य आपल्याला दक्षिणेकडे कललेला दिसतो. म्हणून प्लेटा दक्षिणेला तोंड करून, थोड्या तिरक्या बसवतात. त्यांच्यावर झाडाची सावली पडू देऊ नये. धूळ बसली की वीज घटते, म्हणून अधूनमधून पुसाव्या. पण तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारू नये. सकाळी ऊन चढण्याआधी हे काम करावे.

दोन वाटा

उन्हाची वीज शेतात आणण्याच्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे आपल्या शेतात आपला सौरपंप. २०२४ साली राज्य शासनाने 'मागेल त्याला सौर कृषिपंप' ही योजना आणली. ज्यांच्या शेतात विजेची जोडणी नाही, पण विहीर, बोअर, शेततळे किंवा नदी-ओढ्याचे पाणी आहे, अशांसाठी ती आहे. शेतकऱ्याने किमतीचा दहावा हिस्सा भरायचा. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने विसावा हिस्सा भरायचा. बाकीचे पैसे शासन देते. अडीच एकरांपर्यंत जमीन असेल तर ३ अश्वशक्तीचा पंप मिळतो, पाच एकरांपर्यंत ५ अश्वशक्तीचा आणि त्याहून जास्त जमिनीला साडेसात अश्वशक्तीचा. पाच वर्षे दुरुस्तीची हमी असते, आणि विमाही असतो. सातबाऱ्यावर विहिरीची किंवा बोअरची नोंद हवी. ती नसेल तर आधी तलाठ्याकडे जाऊन नोंद करून घ्या. अर्ज महावितरणकडे करायचा असतो. मध्येच कोणी "साहेबांच्या ओळखीने काम करून देतो" म्हणून पैसे मागू लागला, तर एक पैसाही देऊ नका.

दुसरी वाट सगळ्या शिवाराची आहे. पुष्कळांच्या विहिरीवर विजेची मोटार आधीच आहे. २०२४ च्या एप्रिलपासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिलही शासन भरते. अशा शेतकऱ्यांची अडचण पैशाची नाही, वेळेची आहे. त्यांच्यासाठी 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना' आहे. ती २०१७ साली सुरू झाली, आणि २०२३ साली तिला नवे रूप दिले गेले. या योजनेत वीज उपकेंद्राजवळच्या मोकळ्या जमिनीवर पुष्कळ प्लेटा बसवतात. त्यांची वीज त्या उपकेंद्रातून शेतीच्या तारांवर सोडतात. मोटार जुनीच, डीपी जुनीच, तार जुनीच. मात्र वीज दिवसा येते. पहिल्या प्रयोगासाठी निवडलेल्या गावांत आपल्या शेजारच्या पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी होते.

यासाठी जमीन लागते. खासगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरले आहे, आणि ते दर वर्षी शेकडा तीनने वाढते. ज्या गावात असा प्रकल्प होतो, त्या ग्रामपंचायतीला तीन वर्षे दर साल पाच लाख रुपये मिळतात. पुष्कळ ठिकाणी गायरान जमीन मागितली जाते. इथे सावध असावे. गायरान ही गावच्या गुरांची आणि मेंढरांची जागा. ज्याला स्वतःची जमीन नाही, त्याची शेळी तिथेच चरते. म्हणून ग्रामसभेत हा विषय निघाला की बायाबापड्यांनी, धनगर बांधवांनी, भूमिहीनांनी जरूर जावे आणि बोलावे. किती जमीन द्यायची, चराईला किती ठेवायची, हे सगळ्यांसमक्ष ठरावे. एकाचा दिवस उजाडताना दुसऱ्याची जनावरे उपाशी राहू नयेत.

ऊन फुकट, पाणी फुकट नाही

येथवर सारे चांगलेच सांगितले. आता एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे.

ऊन कितीही वापरले तरी संपत नाही. विहिरीचे तसे नाही. पूर्वी बिलाची धास्ती होती, लाईट जाण्याची भीती होती. त्यामुळे मोटार कधीतरी बंद होई. आता ऊन आहे तोवर पंप चालू ठेवावा असा मोह होतो. शेजाऱ्यानेही तेच केले, त्याच्या शेजाऱ्यानेही तेच केले, तर चैतात विहिरी तळाला जातील. मग चकचकीत प्लेटा कोरड्या विहिरीवर उभ्या राहतील.

म्हणून थोडा हिशेब करू. आपला भाग पर्जन्यछायेतला. वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर, म्हणजे वीस इंचांच्या आसपास पाऊस. एक एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे एक लाख लिटर. तेव्हा एका एकरावर वर्षाचा पाऊस पडतो सुमारे २० लाख लिटर. आणि पाटाने पाणी दिलेला ऊस पितो किती? २,००० मिलिमीटर धरा, म्हणजे एकरी ८० लाख लिटर. एक एकर ऊस चार एकरांचा पाऊस पितो! शिवाय पडलेला सगळा पाऊस काही विहिरीत उतरत नाही. पुष्कळसा वाहून जातो, वाफ होऊन उडतो.

भीमा, घोड, मुळा-मुठा या नद्या आणि धरणांचे कालवे आहेत, म्हणून आपल्याकडे ऊस उभा आहे. ज्या शेताला कालवा नाही, त्याने तर हा हिशेब रोज डोळ्यांपुढे ठेवावा. नगरजवळचे हिवरे बाजार हे गाव पाहा. तिथे पावसाळा सरला की गावकरी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, पाणी किती आहे, मग कोणते पीक घ्यायचे, असा क्रम असतो. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हा त्या गावाने स्वतःच स्वतःला घातलेला नियम आहे.

पाचट जाळू नका

पाणी वाचवण्याचे दोन उपाय आपल्या हातचे आहेत.

एक म्हणजे ठिबक. नळीतून थेंब थेंब पाणी मुळाशी जाते. पाटाच्या मानाने तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत पाणी वाचते. सौरपंप आणि ठिबक यांची जोडी चांगली जमते. रात्री सरीतली दारे मोडत बसायलाही नको.

दुसरा उपाय याहून स्वस्त आहे. ऊस तुटून गेला की शेतात एकरी तीन ते चार टन पाचट उरते. पुष्कळ जण त्याला काडी लावतात. संध्याकाळी केडगाव-यवत भागातून जाताना असा धूर किती वेळा दिसतो! त्या धुरात आपलेच खत उडून जाते. जमिनीतले गांडूळ मरते, माती उघडी पडते, आणि पहिल्या उन्हातच ओल उडते.

त्यापेक्षा असे करा. उसाचे उरलेले बुडखे जमिनीलगत छाटा. पाचट सरीत नीट पसरा. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू खत टाका. जिवाणू खत शेणखतात कालवून पसरले तर सोपे जाते. मग पाणी द्या. घरात गोबरगॅस असेल तर त्यातून बाहेर पडणारे शेणपाणीही यावर सोडा. पाचट हळूहळू बसते, काळे पडते आणि त्याचे खत होते. तोवर ते मातीवर गोधडीसारखे पांघरलेले राहते. ओल टिकते, तण दबते, खोडव्याला पाण्याच्या पाळ्या कमी लागतात.

पहिल्या वर्षी सगळे शेत नको. चार सऱ्या करून पाहा. शेजारच्या सऱ्यांत नेहमीप्रमाणे चालू द्या. मे महिन्यात दोन्हीकडची माती मुठीत घेऊन दाबा. पाचटाखालच्या मातीचा लाडू होईल. मग कोणी सांगायची गरज राहणार नाही.

दुरुस्ती गावातच

यंत्र आले की ते बिघडतेही. एक तार सैल झाली म्हणून पंप महिनाभर बंद, असे होऊ नये. गावातल्या दोन-तीन मुलामुलींनी हे काम शिकावे. शिरूर तालुक्यातच पाबळ येथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. मुंबईची मोठी नोकरी सोडून हा शास्त्रज्ञ या दुष्काळी गावात येऊन राहिला. शाळा सुटलेली मुलेही हाताने काम करता करता विज्ञान शिकू शकतात, हे त्यांनी दाखवले. वीजजोडणी, जोडकाम, शेती, पशुपालन असे धंदे तिथे मुले करून शिकतात. कलबाग २००३ साली वारले, पण त्यांनी दाखवलेली वाट खुली आहे.

शेवटी थोडे

दिवसा पाणी मिळाले म्हणजे बिबट्या गेला, असे मात्र समजू नका. तो दिवसाही येतो, घराजवळही येतो. उसाच्या कडेला लेकरांना एकटे सोडू नका. शेतात दोघा-तिघांनी जा, बोलत, आवाज करत जा. उसाजवळ वाकून किंवा बसून काम करताना एकाने उभे राहून लक्ष ठेवा. पण अंधारात, थंडीत, एकट्याने उसात शिरण्याची पाळी तरी दिवसाच्या पाण्याने टळते. आबा रात्री घरी झोपतात, आणि सुनेच्या जिवाला घोर राहत नाही. हे थोडे नव्हे.

वर्गात बोला

१. तुमच्या शिवारात वीज कोणत्या वेळी येते?
२. तुमच्या विहिरीचे पाणी दिवाळीत किती हात असते? चैतात किती?
३. तुम्ही किती एकर ऊस लावता? त्याला किती एकरांचा पाऊस लागेल? पाटीवर हिशेब मांडा.
४. गावच्या गायरानावर कोणाची जनावरे चरतात? त्यांची नावे लिहा. ग्रामसभेला जाताना ती यादी बरोबर न्या.